रविवारचा माळ



या व्याख्यानमालेत माझ्याआधी विद्वान मंडळी बोलून गेली. मी शाळेत फार काळ टिकलो नाही. जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटातले, आणि तेही बहुधा शिरूर-दौंड एस.टी.त बसून. तेव्हा शास्त्रार्थात माझी चूक निघाली तर ती जरूर दाखवावी. मात्र जे डोळ्यांनी पाहिले त्याबद्दल मी मागे हटणार नाही.

संयोजकांनी विषय दिला तो रोजच्या जीवनातील ताण आणि मोकळ्या हवेतील व्यायाम हा. विषय ऐकून आमचा एक तरुण कार्यकर्ता म्हणाला, "भाऊ, आता युनियन सोडून आरोग्याचे वर्ग काढणार का?" त्याचा टोमणा अगदीच चुकीचा नव्हता. या विषयावर जे बोलले जाते त्यातले पुष्कळसे मालकांच्या सोयीचे असते.

चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्याकडच्या एका कारखान्याने कामगारांचा ताण घालवण्यासाठी पुण्याहून व्याख्याते बोलावले. वेळ ठेवली सकाळी साडेसात ते साडेनऊ, म्हणजे रात्रपाळी सुटल्यावर. रात्रभर उभे राहिलेले दीडशे गडी थंड हवेच्या दालनात आणून बसवले. पडद्यावर धबधब्याचे चित्र लावले आणि कर्ण्यातून पाखरांचा आवाज सोडला. व्याख्याते म्हणाले, "डोळे मिटा, आणि आपण अरण्यात आहोत अशी कल्पना करा." डोळे मिटताच निम्मे कामगार घोरू लागले. बंद खिडकीबाहेर निंबाच्या झाडावर साळुंक्यांनी खरा गलका मांडला होता, तो आत कोणाला ऐकू येत नव्हता. माणसाची झोप काढून घ्यायची आणि त्या वेळात त्याला विश्रांती कशी घ्यावी हे शिकवायचे, असा तो प्रकार. हजेरी सक्तीची होती हे सांगायला नकोच.

परंतु औषध वाटणारा लबाड असला म्हणून औषध खोटे ठरत नाही. हे मला एका जुन्या रेल्वे कामगाराने शिकवले.

दौंड हे रेल्वेचे गाव. पुण्याहून सोलापूरकडे जाणारा लोहमार्ग आणि १८७८ साली झालेला दौंड-मनमाड फाटा येथे मिळतात. वाफेच्या इंजिनांच्या काळात इथली कितीतरी घरे गाडीच्या शिटीवर उठत आणि निजत. अण्णा हे त्यांतलेच. ते इंजिनावर फायरमन होते. १९७४ च्या मे महिन्यात, ८ तारखेपासून २७ तारखेपर्यंत, देशभर रेल्वेचा संप झाला. तो त्यांनी ऐन पंचविशीत पाहिला. त्या संपाच्या मागण्यांत आठ तासांच्या दिवसाची मागणी होती हे आज फारसे कोणाच्या लक्षात नाही. अण्णा सांगत, चौदा चौदा तास फूटप्लेटवर काढल्यावर घरी आलेला माणूस पोराच्या रडण्यानेसुद्धा पेटतो.

माझी त्यांची गाठ पडली तेव्हा मी पस्तिशीत होतो. रक्तदाब वाढला होता, झोप उडाली होती, बैठकीत मी माणसांच्या अंगावर जात असे. अण्णांनी एकदा ते पाहिले. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी मला उठवले आणि काही न बोलता कुरकुंभच्या डोंगराकडे चालवले. फिरंगाईच्या देवळापाशी पोचलो तेव्हा मला धाप लागली होती. ते शांतपणे म्हणाले, "बॉयलरला सेफ्टी व्हॉल्व असतो ना, त्यातून सुटते ती वाफ फुकट जाते. नुसता आवाज. तू काल बैठकीत केलास तो तसा. वाफ पिस्टनला गेली तर चाक फिरते."

हे बोलणे मला आधी ड्रायव्हरी थाटाचे वाटले. पुढे पुस्तके वाचली तेव्हा त्यात तथ्य दिसले. संकट दिसले की शरीर झुंजायला किंवा पळायला तयार होते. काळीज जोरात चालते, रक्तात साखर उतरते, स्नायू ताठतात, अॅड्रिनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही द्रव्ये वाढतात. रानात वाघ दिसला तर हे सर्व उपयोगाचे. पण आमच्या कामगारासमोर वाघ नसतो, सुपरवायझर असतो. त्याच्याशी झुंजता येत नाही आणि त्याच्यापासून पळता येत नाही. सगळी तयारी झालेले शरीर तसेच मशिनपुढे उभे राहते, आणि हे महिन्यातून एकदा नव्हे, दर पाळीला चालते. घरी गेल्यावर हप्त्याची चिंता, पोरीच्या फीची चिंता. पेटवलेली भट्टी विझतच नाही. मग ती वाफ बायकोवर निघते, नाहीतर बाटलीत जाते. पायांनी चालणे हे शरीराने मागितलेलेच काम आहे. आपण ते उशिरा का होईना त्याला देतो, इतकेच.

मग ते मशिनच्या पट्ट्यावर, बंद खोलीत दिले तर काय बिघडले? काही बिघडत नाही. अजिबात न चालण्यापेक्षा ते बरे. परंतु २०१५ साली अमेरिकेतील स्टॅन्फर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी काही माणसांना दीड तास झाडागवतातून चालवले आणि काहींना रहदारीच्या मोठ्या रस्त्याच्या कडेने. एकच काळजी मनात पुन्हा पुन्हा घोळत राहते ना, ती खोड पहिल्या गटात कमी झाली, दुसऱ्यात झाली नाही. चालणे दोघांचेही झाले होते. मला याचे नवल वाटले नाही. आठ तास ज्याची नजर हातभर अंतरावरच्या स्क्रूवर खिळलेली असते, त्याला पाटसच्या माळावर नेऊन उभा करा. नजर कोसभर जाते, काही अडत नाही. एखादा चंडोल सरळ वर चढत गात असतो. टिटवी आपल्यावर ओरडते, पण ते ओरडणे आपल्या पगारातून कापले जात नाही.

आता मी ज्या गोष्टीसाठी हा विषय घेतला ती सांगतो. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका कारखान्यात टाळेबंदी झाली. कारखान्याचे नाव घेत नाही. तीन महिने आम्ही फाटकासमोर ताडपत्री बांधून बसलो होतो. पहिला महिना घोषणांत गेला. दुसऱ्या महिन्यात आपापसात भांडणे सुरू झाली. दिवसभर बसून राहायचे, तंबाखू मळायची, अफवा ऐकायच्या. बसलेला माणूस आंबतो. तेव्हा अण्णांची आठवण झाली, आणि मी ठरवले की रोज उजाडल्यावर, सभेच्या आधी, ज्याला यायचे त्याने माझ्याबरोबर वसाहतीच्या मागच्या टेकाडापर्यंत चालत यायचे. तासभर जायचे, तासभर यायचे. पहिल्या दिवशी सातजण आले, आठवड्याने तीस-चाळीस.

सभेत जी माणसे तोंड उघडत नव्हती ती माळावर बोलू लागली. समोरासमोर बसून पुरुषमाणूस दुःख सांगत नाही. शेजारी शेजारी चालताना, दोघांची नजर पुढच्या वाटेवर असताना, सांगतो. एकाने सांगितले की बायकोचे मंगळसूत्र मोडले आहे आणि सासरच्यांना ते अजून माहीत नाही. एकाने सांगितले की घरमालक पोरांना नळावर पाणी भरू देत नाही. आणि एक शांत पोरगा, बीड जिल्ह्यातला, परत येताना मागे राहिला आणि मला म्हणाला, "भाऊ, खोलीवर औषधाची बाटली आणून ठेवली आहे." कसले औषध ते शेतकऱ्याच्या पोराला विचारावे लागत नाही. आम्ही दोघे तसेच त्याच्या खोलीवर गेलो. बाटली मी घेतली आणि त्याला माझ्या घरी आणले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे नेले, कारण अशा दुखण्याला नुसते चालणे पुरत नाही हे मला तेव्हाही कळत होते. आता १४४१६ हा सरकारी दूरध्वनी क्रमांक आहे, फोन फुकट लागतो आणि मराठीत बोलता येते. तो आमच्या प्रत्येक फलकावर आम्ही लिहून ठेवला आहे. तो मुलगा आज दोन लेकरांचा बाप आहे.

चालण्याने टाळेबंदी उठली असे मात्र मी म्हणणार नाही. समेट अर्धामुर्धाच झाला. अकरा माणसे बाहेर राहिली ती राहिलीच. आमच्या एका सहकाऱ्याने तेव्हा मला ऐकवले होते, "तुम्ही कामगारांचा राग थंड करता. थंड झालेला कामगार लढत नाही." हा आक्षेप गंभीर आहे. पण मी जे पाहिले ते उलटे होते. कारखान्याने एकेकट्याला बोलावून हमीपत्रावर सह्या मागितल्या, तेव्हा प्रथम कोण मोडले? ज्यांनी ताडपत्रीखाली सर्वांत मोठ्याने शिव्या दिल्या होत्या ते. आठ-आठ रात्री न झोपलेला माणूस लढाऊ नसतो, तो फक्त चिडलेला असतो, आणि चिडलेल्या माणसाकडून कोणत्याही कागदावर सही घेता येते. चालणाऱ्यांतलेही काही मोडले, नाही असे नाही. पण ते आधी येऊन सांगून गेले.

आपल्या या भागाला चालणे कोणी नव्याने शिकवावे असे नाही. तुकोबांची पालखी दरवर्षी यवत, वरवंड, पाटस करीत रोटी घाट चढून उंडवडीकडे जाते. त्या घाटात मी सत्तरीच्या म्हाताऱ्या डोक्यावर तुळस घेऊन चढताना पाहिल्या आहेत, आणि त्यांच्या मागे तिशीतले आमचे सभासद धापा टाकताना पाहिले आहेत. खुद्द तुकोबा प्रपंचाच्या कोंडमाऱ्यातून उठून भंडाऱ्याच्या डोंगरावर जात. त्याला वैराग्य म्हणा, भक्ती म्हणा. एकांतासाठी त्यांनी डोंगर निवडला एवढे तरी कोणी नाकारणार नाही.

म्हणून प्रश्न चालण्याचे महत्त्व पटण्याचा नाही. प्रश्न वेळेचा आहे, आणि येथे मला नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव घेतलेच पाहिजे. जोतीरावांचे हे सत्यशोधक सहकारी. १८८४ साली त्यांनी मुंबईत परळला गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. आठवड्यातून एक दिवस सुटी ही त्यातली एक मागणी. तोवर गिरणीतल्या माणसाला रविवार माहीत नव्हता. रविवार हा खंडोबाचा वार, हेही कारण तेव्हा पुढे करण्यात आले असे सांगतात. जेजुरी जवळ असलेल्या आपल्या लोकांना त्यातली गोम लगेच कळेल. सहा वर्षे झगडून १० जून १८९० रोजी ती सुटी मिळाली. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याने आठवड्याची सुटी, आठवड्याचे ४८ तास आणि दिवसाचे जास्तीत जास्त नऊ तास ठरवून दिले.

त्या रविवारचे आपण काय केले? निम्मा आपणच विकला. ओव्हरटाईमसाठी सुपरवायझरच्या मागे लागणारे कामगार मी रोज पाहतो. पगार पुरत नाही म्हणून लागतात, त्यांना मी दोष कसा देऊ? उरलेला अर्धा मोबाईलवर जातो, तेथे मात्र दोष देतो. आणि जे आपण विकले नाही ते आता मागितले जात आहे. २०२५ च्या सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाची मर्यादा नऊवरून बारा तास करण्याला मान्यता दिली. कामगाराची लेखी संमती लागेल, जादा पैसे मिळतील, असे त्यात सांगितले आहे. कंत्राटी कामगाराची लेखी संमती कशी मिळते हे या सभागृहातल्या कोणाला सांगायला हवे काय? बारा तास काम, दीड-दोन तास जाणे-येणे, मग स्वयंपाक, जेवण, झोप. यात माळ कोठे बसवायचा ते मला कोणी वही-पेन्सिल घेऊन दाखवावे.

इंग्लंडातील कामगारांनी यासाठी तुरुंग पत्करला आहे. मँचेस्टरच्या आसपासचे गिरण्या-कारखान्यांतले तरुण रविवारी डोंगराळ माळावर चालायला जात. पण किंडर स्काऊट नावाचे पठार एका ड्यूकने पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेले होते, तेथे त्यांना मज्जाव होता. २४ एप्रिल १९३२ रोजी सुमारे चारशे माणसे तेथे मुद्दाम घुसली. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन अवघा वीस वर्षांचा होता. राखणदारांशी झटापट झाली, पाच जणांना शिक्षा झाल्या, रॉथमनला चार महिन्यांची. १९४९ साली त्या देशात राष्ट्रीय उद्याने आणि माळरानावर जाण्याची वाट यांचा कायदा झाला, त्यामागे अशा माणसांची पायपीट होती. ती माणसे बेकार होती, अर्धपोटी होती. तरी त्यांनी भाकरीबरोबर माळही मागितला.

येथे एका बाईने मला गप्प केलेली गोष्ट सांगितली पाहिजे. एका गेटसभेत मी चालण्यावर बोलत होतो. पॅकिंग विभागातली एक बाई उठून म्हणाली, "दादा, आम्ही पहाटे चारपासून चालतोच की. पाणी, चूल, पोरं, मग बस. आम्हाला बसायचं कसं ते सांगा." लोक हसले, मी हसू शकलो नाही. ऊसतोड मजुराला निसर्गात व्यायाम करा म्हणून सांगणे हीही तशीच थट्टा. तो दिवसभर उघड्यावरच असतो, कोयता घेऊन वाकलेला. डेन्मार्कमधील संशोधक सांगतात की कामातली जड मेहनत आणि फुरसतीतली हालचाल यांचा शरीरावर होणारा परिणाम सारखा नसतो. मला वाटते, फरक हा की एकात पाय आपल्या मर्जीने थांबतात आणि दुसऱ्यात मुकादमाच्या. तेव्हा बाईला आधी तास मिळवून द्यावा लागतो. आमच्या काही सभासदांनी एवढे केले की रविवारी सकाळची चूल त्यांनी घेतली. सगळ्यांनी केले असे खोटे मी बोलणार नाही.

आणि जागेचे काय? शिरूरला घोड नदी आहे, दौंडला भीमा आहे. अण्णांच्या पिढीतले लोक भीमेत पोहायला शिकले. आज मी कोणाला तेथे उतर म्हणणार नाही. पुण्याची सारी घाण मुळा-मुठेतून येते आणि रांजणगाव सांडसपाशी भीमेला मिळते; हे रांजणगाव निराळे, गणपतीचे नव्हे. वर जलपर्णीची हिरवी चादर, खाली काळे पाणी. काठाने चाला, पण नाक मिटून चालावे लागले तर तो व्यायाम कसला? नदी साफ करण्याची मागणी ही माझ्या मते पगारवाढीइतकीच युनियनची मागणी आहे.

शिरूर तालुक्यात दुसरी अडचण बिबट्याची. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेडच्या बाजूला माणसे गेली, लहान मुले गेली. उसाने वेढलेल्या वाटांवर पहाटेच्या अंधारात फिरायला जा असे सांगणारा माणूस बेजबाबदार. उजाडल्यावर जावे, उघड्या माळावर जावे, चौघांनी मिळून जावे, लेकरांना मध्ये ठेवावे. रात्रपाळी करून आलेल्याने सरळ झोपावे. झोपेच्या तंद्रीत नगर रस्त्यावर मोटरसायकल चालवून टेकडी गाठायची काही गरज नाही. आणि या दिवसांत ऊन चढायच्या आत, नवाच्या सुमारास, घरी परत.

तरीही जागा उरतात. टाकळी हाजीजवळ कुकडीच्या पात्रात रांजणखळगे आहेत. पलीकडच्या काठावर निघोज, मळगंगेचे. पाण्याबरोबर गरगर फिरणाऱ्या गोट्यांनी काळ्या बेसॉल्टमध्ये रांजणासारखे खोल खड्डे कोरले आहेत. शिरूरहून सायकलीने गेलो तर दोन तास लागतात. तेथे पहिल्यांदा नेले तेव्हा लेथ चालवणारा आमचा एक सभासद कितीतरी वेळ एका खळग्याच्या कडेवर हात फिरवीत बसला होता. म्हणाला, "फिनिशिंग बघा भाऊ. आणि घाई काहीच नाही." दौंडकडच्या लोकांना यवतहून भुलेश्वरचा डोंगर आहे, कुरकुंभ आहे. सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य आहे, १९९७ साली झाले. जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे, पण त्यात चिंकारा दिसतात. गवतात उभे राहून ते आपल्याकडे पाहतात आणि आपण हललो की नाहीसे होतात. हे माळ सरकारी दप्तरात पुष्कळदा पडीक म्हणून लिहिले जातात. पडीक म्हटले की कोणाची तरी नजर जाते. भूखंड पडतात, कंपाउंड होते. जेथे माणसांचे जाणे-येणे असते ती जमीन गिळणे थोडे अवघड जाते, हा चालण्याचा आणखी एक उपयोग.

अण्णा आता शहात्तरीला आले. गुडघे धरतात, डोंगर सुटला. परवा भेटायला गेलो तर म्हणाले, पुढच्या वेळी येताना कुरकुंभच्या वाटेवरचे हिवर अजून आहे का ते बघून ये. मी जाऊन पाहिले. आहे. अर्धे वाळले आहे, पण एका बाजूला पालवी आहे.

माझा वेळ संपला, अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले. येत्या रविवारी आमची मंडळी त्याच वाटेने जाणार आहेत. सकाळी सव्वासहाला कुरकुंभच्या एस.टी. थांब्यावर जमायचे. सभासद असण्याची अट नाही. पाणी ज्याचे त्याने आणावे, भाकरी थोडी जास्त आणावी.